आधी कोणाचं मत? ल्यूसी स्टोन आणि १८६९ ची फूट

प्रकरण कशाबद्दल आहे

चळवळीत काम करणाऱ्या माणसावर हा प्रसंग कधी ना कधी येतो. दोन मागण्या बरोबरीने लावून धरलेल्या असतात, सत्ता त्यातली एकच मान्य करायला तयार होते, आणि ती नेमकी आपली नसते. मग पाठिंबा द्यायचा की अडवून धरायचं? आपल्याकडे ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या वादाने आगरकर आणि टिळक दुरावले. अमेरिकेत त्याच्या बरंच आधी ‘आधी काळ्या पुरुषाचं मत की आधी बाईचं’ या वादाने जिवाभावाच्या मैत्रिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

त्या वादातला एक निर्णय इथे मांडतो आहे. निर्णय घेणारी बाई ल्यूसी स्टोन. वय ५०, गुलामगिरीविरोधी व्याख्यानांचा आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी केलेल्या कामाचा अनुभव वीस वर्षांहून जास्त. मे १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत तिने स्त्रियांना वगळणाऱ्या घटनादुरुस्तीला भर सभेत पाठिंबा दिला. दोन वर्षांपूर्वी तिचंच मत याच्या उलट होतं. ते का बदललं, त्याची काय किंमत पडली आणि तिचं कुठे चुकलं, हे बघण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

ल्यूसीचा जन्म १३ ऑगस्ट १८१८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट ब्रुकफील्डजवळच्या शेतावरचा. आदल्या संध्याकाळी तिच्या आईने आठ गाईंचं दूध काढलं होतं. मुलगी झाल्याचं कळल्यावर ती माउली हळहळली, की बाईच्या जन्माला फार कष्ट असतात. ही आठवण त्या घरात पुढेही सांगितली जायची.

सोळाव्या वर्षी ल्यूसी शाळेत शिकवायला लागली. त्याच कामाला पुरुष मास्तरांना तिच्याहून जास्त पगार होता. भावांच्या कॉलेजसाठी वडिलांनी पैसे काढले. पोरीला कॉलेजात जायचंय म्हटल्यावर तिच्या डोक्यात काही बिघाड झाला का, असं त्यांनी विचारलं. पगारातून पैसे साठवायला तिला कित्येक वर्षं लागली. १८४३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ती ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजला निघाली. ईरी सरोवर ओलांडताना भाडं वाचवायला ती बोटीच्या डेकवरच झोपली.

ओबर्लिनला काळे विद्यार्थी आणि बायका दोघांनाही प्रवेश होता. तिथे गुलामगिरीतून पळून आलेल्या प्रौढ माणसांच्या शाळेत ल्यूसी शिकवायला जायची. बाईमाणसाने आपल्याला शिकवावं हे त्यातल्या काही पुरुषांना सुरुवातीला रुचलं नाही. साखळदंडातून नुकताच सुटलेला माणूसही बाईला आपल्या खालची मानू शकतो, हे तिने तिथे जवळून पाहिलं. तरी तिने त्यांना शिकवणं सोडलं नाही. पंचवीस वर्षांनंतरच्या निर्णयाचं बी मला या वर्गात दिसतं.

१८४७ मध्ये ती पदवीधर झाली. पदवी मिळवणारी मॅसॅच्युसेट्सची ती पहिली स्त्री. समारंभात वाचायचा निबंध तिने लिहिलाच नाही, कारण कॉलेजच्या नियमाप्रमाणे तो तिच्या वतीने पुरुषाने वाचला असता.

पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने तिला पगारी व्याख्याती म्हणून नेमलं. तिच्या भाषणांत बायकांचे प्रश्न फार येतात, अशी तक्रार लवकरच झाली. तिचं उत्तर असं होतं, की मी गुलामगिरीविरोधक व्हायच्या आधीपासून बाई आहे, बायकांबद्दल मला बोलावंच लागेल. शेवटी तडजोड निघाली. शनिवार-रविवार संस्थेचे, आठवड्याचे बाकीचे दिवस तिचे स्वतःचे. त्यासाठी पगार कमी घ्यायला ती तयार झाली, तो आठवड्याला ४ डॉलर ठरला. सभांमधून तिच्यावर वस्तू फेकल्या जात, जाहिराती फाडल्या जात. एकदा ऐन थंडीत कोणीतरी खिडकीतून पाण्याचा पाइप आत घालून तिला नखशिखान्त भिजवलं. तिने शाल लपेटली आणि भाषण पुढे चालू केलं.

१८५० मध्ये वूस्टरला भरलेली स्त्री-हक्कांची पहिली राष्ट्रीय परिषद उभी करण्यात तिचा वाटा मोठा होता. १ मे १८५५ ला तिने हेन्री ब्लॅकवेलशी लग्न केलं. नवऱ्याला बायकोच्या अंगावर, मुलांवर आणि मिळकतीवर हक्क देणाऱ्या कायद्यांचा निषेध दोघांनी लग्नातच वाचून दाखवला, आणि तिने आडनाव बदललं नाही. पुढे अमेरिकेत आपलं नाव न बदलणाऱ्या बायकांना ‘ल्यूसी स्टोनर’ म्हणू लागले ते यावरून.

न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात घर तिच्या नावावर होतं. घरपट्टीचं बिल आलं तेव्हा तिने ते परत पाठवलं. मत नसलेल्या माणसाकडून कर घेणं हे या देशाच्या तत्त्वातच बसत नाही, असं त्यासोबत लिहिलं. जानेवारी १८५८ मध्ये घरातलं सामान लिलावात निघालं. टेबल, खुर्च्या, भिंतीवरच्या तसबिरी सगळं बाहेर आलं. एका शेजाऱ्याने ते विकत घेऊन तिला परत केलं. मुलगी ॲलिस तेव्हा चार महिन्यांची होती.

यादवी युद्धात स्त्री-हक्कांची कामं बाजूला ठेवून या बायकांनी गुलामगिरी घटनेतूनच संपवावी यासाठी सह्या गोळा केल्या. स्त्री-हक्क चळवळीच्या पुढारी एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुसन बी. अँथनी यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या मोहिमेत जवळपास ४ लाख सह्या जमल्या. ल्यूसीही त्यात होती. तेरावी दुरुस्ती १८६५ मध्ये लागू झाली. लढाईत आपण सोबत होतो तेव्हा आता हक्कांच्या वाटपातही सोबत असू, असं या बायकांनी धरून चाललं होतं. मे १८६६ मध्ये त्यांनी काळ्या नेत्यांसह अमेरिकन इक्वल राइट्स असोसिएशन काढली. वंश, रंग, लिंग काहीही असो, प्रत्येक प्रौढाला मत, ही तिची मागणी.

पेच

पहिला धक्का नागरिकत्वाबद्दलच्या चौदाव्या दुरुस्तीने दिला. त्यात ‘पुरुष’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत प्रथमच आला. हा शब्द एकदा आत गेला की काढायला शंभर वर्षं लागतील, असं स्टँटन आधीच म्हणाली होती. वेंडेल फिलिप्ससारखे जुने सहकारी सांगत होते, की ही घडी काळ्या माणसाची आहे, बायकांनी थांबावं. चळवळीला मिळालेल्या देणग्यांच्या निधीवर फिलिप्सचं वजन होतं, आणि स्त्रियांच्या कामाकडे त्यातून पैसा वळवायला तो राजी नव्हता.

जानेवारी १८६७ मध्ये ल्यूसीने ॲबी केली फॉस्टरला पत्र लिहिलं. ॲबी तिची गुरूच म्हणावी, ल्यूसीच्या आधीपासून गावोगाव फिरून शिव्या-दगड खाल्लेली कार्यकर्ती. ती आता ‘आधी काळा पुरुष’ म्हणत होती. तुम्ही सगळे भयंकर चूक करता आहात, असं ल्यूसीने तिला कळवलं. पत्रात राग आहे आणि दुखावलेपणही आहे. आपल्याला घडवणाऱ्या माणसांनीच आपल्याला थांबायला सांगितल्यावर होतं ते.

त्याच वर्षी कॅन्सस राज्यात एकाच दिवशी दोन प्रश्नांवर मतदान होणार होतं. मतदारयादीच्या अटींमधून ‘गोरा’ हा शब्द काढायचा का, आणि ‘पुरुष’ हा शब्द काढायचा का. वसंतात ल्यूसी आणि हेन्री तिथे गेले. उघड्या गाडीतून दिवसाला पंचवीस ते चाळीस मैल, नाले-ओढे तुडवत, दगडधोंड्यांवरून आदळत-आपटत त्यांनी प्रचार केला. ल्यूसी आशेने परतली. मग राज्यातल्या रिपब्लिकनांनी, म्हणजे गुलामगिरी संपवणाऱ्या पक्षानेच, बायकांच्या मताविरुद्ध उघड आघाडी उघडली. शरद ऋतूत प्रचाराला गेलेल्या स्टँटन आणि अँथनी यांनी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाच्या धनिकाची मदत घेतली. तो विरोधी डेमोक्रॅट पक्षाचा होता, काळ्यांची जाहीर टिंगल करायचा आणि बायकांना मत द्या म्हणायचा. ५ नोव्हेंबरला दोन्ही प्रस्ताव आपटले. साधारण ३० हजार मतांपैकी बायकांच्या बाजूने ९ हजारांवर आणि काळ्या पुरुषांच्या बाजूने साडेदहा हजारांच्या आसपास.

ट्रेनच्या पैशातून जानेवारी १८६८ मध्ये स्टँटन-अँथनी यांचं ‘द रेव्होल्यूशन’ साप्ताहिक निघालं. अडाणी काळे, आयरिश, जर्मन आणि चिनी पुरुष आता शिकलेल्या बायकांसाठी कायदे करणार का, अशी भाषा स्टँटन बोलू आणि लिहू लागली. काळ्यांसाठी ती वापरत असलेला ‘सॅम्बो’ हा शब्द शिवीच होती.

फेब्रुवारी १८६९ मध्ये काँग्रेसने पंधरावी दुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून कोणाचं मत नाकारता येणार नाही, असं त्यात होतं. लिंगाचा उल्लेख नव्हता. तीन चतुर्थांश राज्यांनी होकार दिल्याशिवाय ती लागू होणार नव्हती, म्हणजे जनमत तयार करणाऱ्या प्रत्येक संघटनेच्या शब्दाला वजन होतं.

इकडे दक्षिणेत काय चाललं होतं तेही समोर ठेवलं पाहिजे. १८६६ मध्ये मेम्फिसला तीन दिवसांत ४६ काळी माणसं मारली गेली, त्याच उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्सला कत्तल झाली. कू क्लक्स क्लॅन हे गोऱ्यांचं गुप्त दहशती टोळकं रात्री घरं जाळत होतं. मत हे तिथे जीव वाचवायचं हत्यार होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय स्टँटन आणि अँथनीचा. बायकांना वगळणाऱ्या दुरुस्तीला सरळ विरोध करायचा, दोघांना मिळेल तरच घ्यायचं. याला नुसता आडमुठेपणा म्हणता येणार नाही. काळे नेते रॉबर्ट पर्व्हिस म्हणाले होते, की माझ्या मुलीला मत मिळणार नसेल तर मुलालाही नको. सोजर्नर ट्रुथ ही स्वतः गुलामगिरीत जन्मलेली. काळ्या पुरुषांना हक्क मिळाले आणि काळ्या बायकांना नाही, तर पुरुष बायकांचे मालक होऊन बसतील, अशी भीती तिने १८६७ मध्येच बोलून दाखवली होती. पण या बाजूला उभं राहायचं म्हणजे ट्रेनच्या शेजारी उभं राहायचं.

दुसरा पर्याय फिलिप्सचा. दुरुस्तीला पाठिंबा द्यायचा आणि ती पार पडेपर्यंत बायकांचा विषयच काढायचा नाही.

तिसरा, मत न देता बाजूला होणं. ल्यूसीची मुलगी अकरा वर्षांची होती, तब्येत अधूनमधून कुरकुरत होती. घरी बसली असती तर कोणी दोष दिला नसता.

चौथा पर्याय दुरुस्तीला मनापासून पाठिंबा देण्याचा आणि त्याच दमात बायकांची मागणीही लावून धरण्याचा. यात दोन्हीकडून शिव्या खाव्या लागणार होत्या.

काय केलं

मे महिन्याच्या मध्यावर न्यूयॉर्कला असोसिएशनची सभा भरली. वातावरण पहिल्या दिवसापासून तापलं होतं. फ्रेडरिक डग्लस उभा राहिला, गुलामगिरीतून पळून सुटलेला काळ्यांचा मोठा नेता. स्टँटनशी त्याची जुनी मैत्री, १८४८ मध्ये सेनेका फॉल्स गावच्या स्त्री-हक्क सभेत बायकांच्या मताच्या ठरावाला त्यानेच आधार दिला होता. तो म्हणाला, बायकांना त्या बायका आहेत म्हणून घरातून ओढून दिव्याच्या खांबाला लटकवलं जाईल, त्यांची पोरं हातातून हिसकावून फुटपाथवर आपटली जातील, तेव्हा त्यांनाही मताची तेवढीच निकड असेल. काळ्या बाईच्या बाबतीत हे खरं नाही का, असा आवाज आला. त्यावर डग्लसचं उत्तर होतं, खरं आहे, पण ती बाई आहे म्हणून नाही, ती काळी आहे म्हणून.

मग ल्यूसी बोलली. तिने आधी डग्लसला विरोध केला. दुःखांचे समुद्र दोघांचेही अथांग आहेत, स्टँटन आपल्या लोकांना पुढे ठेवणार आणि डग्लस त्याच्या, आणि दोघंही कदाचित बरोबर आहेत, असं ती म्हणाली. इथे उत्तरेतही क्लॅनसारखे पुरुष आहेत, जे कायद्याच्या जोरावर आईपासून पोर तोडतात, असंही म्हणाली. आणि शेवटी, पंधराव्या दुरुस्तीबद्दल मी देवाचे आभार मानते, प्रत्येक राज्याने ती मान्य करावी. या भयाण खड्ड्यातून कोणीही बाहेर पडू शकत असेल तर मला मनापासून आनंदच आहे.

त्या सभेत फ्रान्सिस एलन वॉटकिन्स हार्परही होती. काळी, कवयित्री, स्वतंत्र घरात जन्मलेली, गुलामगिरीविरोधी व्याख्याती. देशाला एका वेळी एकच प्रश्न झेपणार असेल, तर काळ्या पुरुषाच्या वाटेत काळ्या बाईने काडीही आडवी टाकू नये, असं तिने सांगितलं. काळी आणि बाई अशी दोन्ही असलेल्या व्यासपीठावरच्या माणसाचं हे मत मला या प्रकरणात सगळ्यात वजनदार वाटतं. ‘काळे’ म्हणजे पुरुष आणि ‘बायका’ म्हणजे गोऱ्या, असं धरून चाललेल्या वादात हार्परसाठी जागाच ठेवलेली नव्हती.

सभा संपल्यावर लगेच, १५ मेला, स्टँटन आणि अँथनी यांनी नॅशनल वुमन सफ्रेज असोसिएशन स्थापन केली. आम्हाला कळवलंच नाही, अशी ल्यूसीच्या बाजूची तक्रार होती. ऑगस्टमध्ये ल्यूसी, कवयित्री जूलिया वॉर्ड हाउ, लेखक थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन आणि आणखी दोघांच्या सह्यांचं पत्र निरनिराळ्या राज्यांतल्या कार्यकर्त्यांकडे गेलं. ऑक्टोबरमध्ये ल्यूसीने स्टँटनला स्वतः लिहिलं: दुरुस्तीला विरोध नसलेल्या आणि ‘रेव्होल्यूशन’चा सूर न पटणाऱ्या लोकांना काम करायला जागा हवी, म्हणून दुसरी संघटना. २४-२५ नोव्हेंबरला क्लीव्हलंडला अमेरिकन वुमन सफ्रेज असोसिएशन उभी राहिली. हार्पर या संघटनेबरोबर आली. अँथनी त्या सभेला येऊन बसली, तिला व्यासपीठावर बोलावलं गेलं आणि ती बोललीही. पण दोन्ही संघटना वेगळ्याच राहिल्या.

८ जानेवारी १८७० ला बॉस्टनहून ‘वुमन्स जर्नल’ साप्ताहिक सुरू झालं. भागभांडवल १० हजार डॉलरचं, आणि त्याचे भागधारक ल्यूसीने दारोदार फिरून मिळवले. पहिली संपादक मेरी लिव्हरमोर, १८७२ पासून ल्यूसी आणि हेन्री.

काय झालं

३ फेब्रुवारी १८७० ला पंधरावी दुरुस्ती मंजूर झाली. दक्षिणेतल्या काळ्या पुरुषांचं मत काही वर्षांत दहशतीने, नंतर साक्षरतेच्या अटींनी आणि मत देण्यासाठी भराव्या लागणाऱ्या कराने जवळपास संपवलं गेलं. पण दुरुस्तीचे शब्द घटनेत राहिले, आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्याला आधार मिळाला तो त्याच शब्दांचा.

स्त्री-चळवळ वीस वर्षं दोन तुकड्यांत चालली. नॅशनलने वॉशिंग्टनमध्ये घटनादुरुस्तीचा आग्रह धरला, अमेरिकनने राज्या-राज्यांत जाऊन कायदे बदलायचा मार्ग धरला. कार्यकर्त्या वाटल्या गेल्या आणि देणगीदारही. ‘रेव्होल्यूशन’ १८७० मध्ये १० हजार डॉलरच्या कर्जासह बंद पडण्याच्या बेतात आलं आणि अँथनीने ते कर्ज पुढची सहा वर्षं व्याख्यानं देऊन फेडलं. ‘वुमन्स जर्नल’ १९१७ पर्यंत त्याच नावाने निघत राहिलं.

ल्यूसीला स्वतःला मत देता आलं नाही. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने बायकांना शाळा समितीपुरतं मत दिलं. तिने नाव नोंदवलं, पण नवऱ्याचं आडनाव लावत नाही म्हणून यादीतून काढलं गेलं. आडनाव लावून मत घेणं तिच्या हातात होतं. तिने ते घेतलं नाही.

दोन्ही संघटना एकत्र याव्यात यासाठी पुढच्या पिढीने खटपट केली, त्यात ल्यूसीची ॲलिस आघाडीवर होती. फेब्रुवारी १८९० मध्ये वॉशिंग्टनला विलीनीकरण झालं. स्टँटन अध्यक्ष आणि ल्यूसी कार्यकारिणीची प्रमुख झाली, पण आजारपणामुळे ती त्या अधिवेशनाला जाऊ शकली नाही. १८ ऑक्टोबर १८९३ ला बॉस्टनमधल्या डॉर्चेस्टरच्या घरी ती गेली. जग चांगलं कर, हे तिचे ॲलिसला उद्देशून शेवटचे शब्द. तीन आठवड्यांनी, ७ नोव्हेंबरला, कोलोरॅडोच्या पुरुषांनी जनमत घेऊन बायकांना मत दिलं. देशभरातल्या बायकांना ते मिळालं १९२० मध्ये.

याच काळात एक बातमी सातासमुद्रापलीकडे पोचली होती. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. ल्यूसीने सगळी तरुणपणाची उमेद घातली ती याच कामात.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

मुख्य निर्णय मला आजही बरोबर वाटतो. दुसऱ्याच्या घराला आग लागलेली असताना आपल्या घराला पाणी मिळेपर्यंत बंब अडवून धरणं कोणत्याही न्यायात बसत नाही. १८६७ ते १८६९ या दोन वर्षांत ल्यूसीचं मत फिरलं ते मुख्यतः कॅन्ससमुळे असावं, असं मी समजतो. ‘दोघांना किंवा कोणालाच नाही’ हे बोलणं तत्त्वाचं वाटत असतं, पण प्रत्यक्षात ते कोणाच्या खांद्यावर हात टाकून बोललं जातं हे तिने तिथे पाहिलं.

पण त्याच भाषणातली क्लॅनची तुलना घ्या. ही चूक होती, आणि इतर कोणापेक्षा तिने ती करायला नको होती. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई गोठलेली ओहायो नदी ओलांडून मुलांसह सिनसिनाटीला पळून आली होती. पकडायला आलेले दारात येताच तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला, ती परत गुलामीत जाऊ नये म्हणून. ल्यूसी तिला तुरुंगात भेटली, कोर्टात सगळ्यांदेखत तिची बाजू घेऊन बोलली. आईपासून पोर तोडणं म्हणजे काय, हे तिने त्या कोठडीत पाहिलं होतं. घटस्फोटात मुलांचा ताबा बापाकडे जाणं हा अन्यायच, पण त्याला क्लॅनच्या रांगेत बसवल्यावर समोर बसलेल्या हार्परसारखीला काय वाटलं असेल? आपलं दुःख मोठं करून सांगायची गरज नव्हती. ते आहे तेवढंच पुरेसं मोठं होतं.

दुसरी जागा तिच्या घरातली आहे, आणि तिच्याबद्दल लिहिताना अनेक जण ती झाकून पुढे जातात. जानेवारी १८६७ मध्ये हेन्री ब्लॅकवेलने दक्षिणेतल्या विधिमंडळांना उद्देशून एक पत्रक काढलं. त्यात त्याने हिशेब मांडला होता, की गोऱ्या बायकांना मत द्या, म्हणजे काळ्यांना मत मिळूनही गोऱ्यांचं बहुमत टिकेल. ल्यूसीने याचा जाहीर निषेध करायला हवा होता. ट्रेनच्या जोडीला उभं राहिल्याबद्दल स्टँटनला दोष देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरातून हे पत्रक निघालेलं होतं. पुढे १८९० च्या दशकात, एकत्र झालेल्या संघटनेने दक्षिणेत हातपाय पसरायला सुरुवात केली तेव्हा हाच हिशेब पुन्हा वापरात आला आणि तो मांडणाऱ्यांत हेन्रीही होता. १८९५ मध्ये अटलांटाच्या अधिवेशनाला येऊ नको, असं अँथनीने म्हाताऱ्या डग्लसला सांगितलं, दक्षिणेतले गोरे दुखावतील म्हणून. घरात वेळीच नाही म्हटलं असतं तर हे सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही, पण निदान ‘अमेरिकन’ची बाजू स्वच्छ राहिली असती.

तिसरी जागा १८६९ च्या उन्हाळ्यातली. मेमध्ये आपल्याला न विचारता संघटना काढली म्हणून रागावलेल्या ल्यूसीने ऑगस्टमध्ये निवडक लोकांना पत्र पाठवून तेच केलं. स्टँटनला तिने लिहिलं खरं, पण ते ऑक्टोबरमध्ये, सगळं ठरून गेल्यावर. अँथनी क्लीव्हलंडला स्वतःहून आली तो क्षण तर मला विशेष खुपतो. एक मध्यस्थ, एक संयुक्त समिती, निदान ‘दुरुस्ती मंजूर झाली की सहा महिन्यांनी पुन्हा बसू’ एवढं ठरवता आलं असतं. फेब्रुवारी १८७० मध्ये वादाचं मूळ कारणच संपलं होतं. त्यानंतरची वीस वर्षं भांडण चाललं ते दुखावलेल्या मनांचं.

चौथी जागा इतिहासाची. १८७६ मध्ये स्टँटन आणि अँथनी चळवळीचा इतिहास लिहायला बसल्या आणि त्यांनी ल्यूसीकडे तिची माहिती मागितली. तिने दिली नाही. या दोघींनी आपल्याबद्दल लिहूच नये, असं तिचं म्हणणं. राग समजण्यासारखा आहे. पण कागद ज्याच्याकडे असतो, गोष्ट त्याची होते. दुसऱ्या खंडात ‘अमेरिकन’वरचं एक प्रकरण आलं, तेही स्टँटनची मुलगी हॅरियट हिने हट्ट धरून लिहिलं म्हणून. १९२१ मध्ये कॅपिटॉलला, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीला, जो संगमरवरी पुतळा दिला गेला त्यात तीन बायका आहेत: चळवळीतली जुनी कार्यकर्ती लुक्रीशिया मॉट, स्टँटन आणि अँथनी. ॲलिसने आईचं चरित्र प्रसिद्ध केलं ते १९३० मध्ये. तोवर ल्यूसीला जाऊन ३७ वर्षं झाली होती.